मोठ्याने विचार करण्याचे दुष्परिणाम

तीर्थस्वरूप मामांस,

वाकून नमस्कार. (वाकताना कंबरेत चमक भरली, त्यामुळे नमस्कार अर्ध्यावर थांबलेला वाटल्यास उरलेला पोचला असं समजावं.) तुमचा गुडघा कसा आहे? दाढ काढलीत, की अजून ‘दुखते म्हणजे जागेवर आहे’ असं म्हणत दुसऱ्या बाजूने चावताय? मामीला सांगा, तिने दिलेलं कुंडीतलं रोप जगलं आहे. फक्त ते कशाचं आहे हे आम्हाला अजून कळलेलं नाही आणि आता विचारायची लाज वाटते.

फोन न करता पत्र का, असं तुम्ही म्हणालच. फोनवर तुम्ही माझं म्हणणं दुसऱ्या वाक्यात ओळखता आणि तिसऱ्या वाक्याला तुमचं सुरू होतं. पत्राला मध्येच तोडता येत नाही. शिवाय आमच्या घरात कुठेही उभं राहून बोललं तरी आईला ऐकू जातं. (तिचे कान शाबूत आहेत. डोक्याबद्दलचं तुमचं मत तुम्ही जाहीर केलंच आहे.)

आता तो विषय निघालाच आहे तर उरकून टाकते. तुमच्याकडे जेवताना आईने तिच्या शाळेतल्या शिपायाची गोष्ट दुसऱ्यांदा सांगायला घेतली, आणि तुम्ही सगळ्यांसमोर, नव्या सुनेसमोरसुद्धा, म्हणालात, ‘ताई, तुझं डोकं आता कामातून गेलं.’ आई भरल्या ताटावरून उठली, पिशवी आणि छत्री घेतली आणि मिळेल त्या बसने घरी आली. त्याला आता बरेच महिने झाले. तुम्ही फोन केला नाहीत, कारण तुम्हाला वाटलं ती रागावली आहे. तिने केला नाही, त्याचं कारण वेगळंच निघालं, आणि ते मला ज्या रीतीने कळलं त्याची हकिगत जरा लांब आहे. पाणी हाताशी घेऊन बसा.

चाळिशी उलटल्यावर चांगली नोकरी सोडून मी पुन्हा विद्यापीठात जाऊन बसले, तेव्हा तुम्ही विचारलं होतं, नक्की कशाचा अभ्यास? मी म्हटलं होतं, ‘माहिती-प्रणालींच्या संशोधनात मानवी आकलनाची भूमिका.’ तुम्ही ‘वा’ म्हणालात आणि मामीला वाढायला सांगितलंत. आता सोपं करून सांगते. ऑफिसात, दवाखान्यात, बँकेत, जिथे तिथे माहिती साठवायला कॉम्प्युटर बसवतात. तो बसवल्याने काम सुधारतं का, ह्यावर ढिगाने संशोधन होतं. यंत्राचा वेग मोजतात, खर्च मोजतात, माणसाने कोणतं बटण किती वेळा दाबलं तेही मोजतात. बटण दाबण्याआधी त्याच्या डोक्यात काय चाललं होतं हे मात्र फार थोडे लोक विचारतात, कारण ते मोजायला जड जातं. आमचे सर (म्हणजे माझे मार्गदर्शक) म्हणतात, लोकांच्या डोक्यातलं बाहेरून दिसत नाही म्हणून तर आपल्या दोघांना काम आहे.

आमच्या पुस्तकांत एक आकृती हमखास असते. चौकोन म्हणजे यंत्र, बाण म्हणजे माहिती, आणि कडेला एक गोल, तो माणूस. चौकोनाच्या पोटात बारीक बारीक डबे काढलेले असतात, गोल मात्र कोरा. मी ती आकृती जेवणाच्या टेबलावर पसरून बसले होते, तर आईने विचारलं, ह्या गोलात कोण आहे? मी म्हटलं, माणूस. ती म्हणाली, ‘रिकामाच दिसतोय.’ (तुम्ही जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलीत. माणूस काढा म्हटल्यावर नुसता गोल काढून आणणाऱ्या मुलाला तुम्ही किती मार्क दिले असते ते कळवा. सरांना दाखवायचं आहे.)

ह्या गोलात डोकावायची एक पद्धत आहे. माणसाला यंत्रासमोर बसवायचं आणि काम करता करता मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगायचं. आपण शेजारी बसून टिपून घ्यायचं, मध्ये तोंड घालायचं नाही. तो गप्प झाला तर तेवढं ‘बोलत राहा’ म्हणायचं. सरांनी सुरुवातीलाच बजावलं होतं, बोलणं काय, कोणीही टिपून घेईल. माणूस गप्प झाला की खरं लक्ष द्या, तिथेच काहीतरी घडत असतं. मी मान हलवली. मान हलवणं आणि कळणं ह्यात अंतर असतं. माझा सगळा प्रबंध त्यावरच आहे, पण ते मला स्वतःला लागू असेल असं काही वाटलं नव्हतं.

अभ्यासाला मला मिळालं बससेवेचं हरवलेल्या वस्तूंचं कार्यालय. बसस्थानकाच्या मागच्या अंगाला, जिन्याखालच्या दोन खोल्या. एकीत खिडकी आणि कॉम्प्युटर, दुसरीत कपाटं. कपाटांत छत्र्या, डबे, जोडीदार नसलेल्या चपला आणि एक कवळी. (कवळी मागे ठेवून माणूस बसमधून उतरतो कसा, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे.) पूर्वी माणूस खिडकीशी येऊन काय ते सांगायचा आणि खिडकीवरच्या बाई आत जाऊन शोधायच्या. आता आधी स्क्रीनवर वस्तूचा प्रकार निवडायचा, मग रंग, मग बसचा मार्ग. प्रकार छत्री, रंग काळा, असं म्हटलं की यंत्र तत्परतेने कपाटभर छत्र्या दाखवतं. यंत्राची ह्यात काही चूक नाही. त्याला काळी छत्री विचारली, त्याने काळ्या छत्र्या दिल्या. पण नुसती काळी छत्री कोणाचीच हरवत नाही, मामा. कोणाची वडिलांची हरवते, कोणाची शेजारणीकडून कालच मागून आणलेली, आणि तो माणूस खिडकीशी उभा राहून तेच तर सांगत असतो. ते भरायला स्क्रीनवर जागा नाही.

त्या बाईंना मी इथे खिडकीबाई म्हणते. (आमच्या संशोधनात कोणाचं नाव उघड करायचं नसतं.) पहिल्या दिवशी त्यांच्या तोंडून ‘हं’च्या पलीकडे काही निघेना. मी म्हटलं, अहो, मनात येईल ते बोला, अगदी काहीही. काहीही म्हणजे काहीही ना, अशी त्यांनी खात्री करून घेतली आणि मग त्या ज्या सुटल्या त्या सुटल्या. एक गृहस्थ खिडकीशी आले. बाई स्क्रीनकडे बघत, गृहस्थांच्या तोंडावर म्हणाल्या, ‘हा माणूस नजरेला नजर देत नाही. वस्तू ह्याची नसणार. घरून भांडून आलेला दिसतो, शर्टाचं बटण भलत्याच काजात घातलंय.’ बिचारे चष्मा हरवल्याची तक्रार द्यायला आले होते. नजर द्यायला त्यांना बाईंचा चेहराच दिसत नव्हता, आणि बटणाचंही तेच झालं होतं. (बाईंचा अंदाज सपशेल चुकला, पण चार खुणा बघून त्यांनी एवढा मोठा निष्कर्ष क्षणात कसा उभा केला ते पाहण्यासारखं होतं. आपण सगळे दिवसभर हेच करतो, फक्त तोंड मिटून. मी आनंदाने पान भरलं आणि गृहस्थांची माफी मागायची राहून गेली.)

हे ऐकून कार्यालयाचे साहेब म्हणाले, माझाही अभ्यास करा. केबिनमध्ये बसले, स्क्रीन सुरू केला. दार उघडंच होतं. म्हणाले, ‘हे बटण कशाचं, देव जाणे. ही यंत्रणा पसंत मीच केली. बैठकीत सगळे माना डोलवत होते, मीही डोलवली. आता विचारावं तर कोणाला, सगळे मलाच विचारतात.’ बाहेर सगळं कार्यालय जिवाचा कान करून ऐकत होतं. मला हसू यायला हवं होतं, पण त्यांची दया आली. एवढं खरं बोलणं मी कुठल्याही केबिनमध्ये ऐकलेलं नाही.

आता घोटाळा कुठे झाला ते सांगते. प्रयोग संपला की ‘झालं, आता मनातलं मनात ठेवा’ असं सांगायचं असतं. ते मी सांगितलंच नाही. लोकांना सवय लागली. खिडकीबाईंनी घरी जेवताना सासूबाईंसमोर मोठ्याने विचार केला, आणि दुसऱ्या दिवशी मला फार शांतपणे सांगितलं की त्या काही दिवस बहिणीकडे राहणार आहेत. साहेबांना त्यांच्या वरच्या साहेबांचा फोन आला, आणि फोन नीट ठेवला गेला आहे की नाही हे न बघता ते वरच्या साहेबांविषयी विचार करून मोकळे झाले. त्याच संध्याकाळी माझी परवानगी रद्द झाली. सरांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मी त्यांना ‘बोलत राहा’ म्हणाले नाही, एवढी अक्कल मला होती.

कार्यालयाचं दार बंद झालं, तरी सरांना साठीच्या पुढची एक तरी व्यक्ती हवी होती. अशा व्यक्तीला घरबसल्या तक्रार नोंदवायचं पान देऊन बघायचं होतं. आमच्या घरात अशी व्यक्ती एकच. पण तुमचं ते वाक्य झाल्यापासून आई डोक्याच्या कुठल्याही परीक्षेला बसायला तयार नसते. शब्दकोडी सोडवते तीसुद्धा गुपचूप, कोणी खोलीत आलं की उशीखाली सरकवते. बाजारात जाताना काय आणायचं ते पुटपुटत जाते. लिहून नेलं तर हरल्यासारखं वाटतं म्हणे. आणि गोष्ट सांगायला लागली की मध्येच थांबते, विचारते, ‘ही तुला सांगितली आहे का मी?’ मी नाही म्हटलं तरी पुढे सांगत नाही. मामा, तिच्या गोष्टी बंद झाल्या. दोनदोनदा ऐकाव्या लागत होत्या तेच बरं होतं, हे मला आता कळतंय.

म्हणून मी तिला म्हटलं, परीक्षा तुझी नाही, यंत्राची आहे. (आम्ही सगळ्यांनाच असं सांगतो. कोणाचाच विश्वास बसत नाही.) टेबलाशी बसवलं, चष्मा दिला आणि सगळ्यांना देतो तोच प्रश्न दिला: समज, तुझी छत्री हरवली आहे. आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिची चोरी पकडली आहे. म्हणाली, ‘तुला कोणी सांगितलं?’ मी म्हटलं, अगं, हा सगळ्यांनाच देतात. पण एव्हाना ती स्क्रीनकडे वळली होती आणि मोठ्याने विचार करू लागली होती.

‘प्रकार छत्री. रंग काळा. काळा कसला, आता करडा झाला असेल, त्याने दिली तेव्हा काळा होता. मार्ग, त्याच्याकडून येतानाचा. विसरले नव्हते मी. डोळ्यांत पाणी येत होतं, शेजारच्या बाईला दिसू नये म्हणून तोंड फिरवून उतरले, छत्री मागे राहिली. आता हे त्याला सांगायचं कसं? तू म्हणालास तेच खरं, बघ, तू दिलेली छत्रीसुद्धा घालवून बसले, असं? फोन केला की पहिलं तेच विचारेल. ऊन आहे, छत्री घेऊन फिरतेस ना? दर वेळी विचारतो मेला.’

मी टिपून घ्यायचं थांबले होते. हे नियमात बसत नाही, पण पेन चालेना. ती तुमच्यावर रागावली आहे असं आम्ही सगळे धरून चाललो होतो, आणि ती तर तुम्हाला तोंड दाखवायला घाबरत होती. ती छत्री घरात दिसत नाही हे माझ्यासुद्धा लक्षात आलं नव्हतं. मग स्क्रीनवर शेवटचा प्रश्न आला: ओळखीची खूण. आई म्हणाली, ‘मूठ लाकडी. मुठीला...’ आणि गप्प झाली. मी म्हटलं, बोलत राहा. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा स्क्रीनकडे, आणि म्हणाली, ‘आठवत नाही.’

मी लिहिलं, ‘सहभागी व्यक्तीस खूण आठवली नाही.’ मामा, मी एरवी तुमच्या त्या वाक्यावर मनातल्या मनात रोज चिडते. पण ते लिहिताना मला पहिल्यांदा भीती वाटली. तुम्ही फटकळपणे बोललात ते बोललातच, पण खरं बोलला असाल तर पुढे काय करायचं, हे कुठल्याच पुस्तकात नाही. आई उठली, तिने चहा टाकला, साखर दोनदा घातली, आणि मी तो निमूट प्यायले.

दुसऱ्या दिवशी त्या कार्यालयात गेले, संशोधक म्हणून नव्हे, छत्रीची वारस म्हणून. खिडकीबाई जागेवर होत्या. (सासूबाई स्वतः त्यांना न्यायला गेल्या होत्या. वाटेत त्यांनीही मोठ्याने बराच विचार केला म्हणे, आणि दोघींचं आता पूर्वीपेक्षा बरं चाललंय. हे प्रबंधात कुठे घालावं ते सुचत नाही.) बाईंनी मार्ग विचारला, दिवस विचारला, आत गेल्या आणि एक काळी छत्री घेऊन आल्या. मुठीवर कागद गुंडाळलेला. तिथला नियमच आहे, खुणेची जागा झाकायची, मालकाने न बघता खूण सांगायची, ती जुळली तरच वस्तू द्यायची. मी जुनी ओळख काढून बघितली. त्या म्हणाल्या, ‘माणसाच्या डोक्यात काय आहे तेच महत्त्वाचं, असं तुम्हीच सांगत होतात ना? मग सांगा की.’ माझ्या डोक्यात काहीही नव्हतं. त्या छत्रीखालून मी कित्येकदा चालले आहे, पण मुठीकडे कधी पाहिलेलं नाही. छत्री परत आत गेली.

असो. तुम्हाला उगाच लांबलचक वाचायला लावलं. गोलाचे मार्क तेवढे न विसरता कळवा, सर वाट बघत आहेत. गुडघ्याला शेक चालू ठेवा आणि दाढेचा एकदा निकाल लावा. मामीला नमस्कार, नव्या सुनेला आशीर्वाद.

तुमची,
शिकून शहाणी न झालेली भाची

ता. क. छत्री तुम्ही दिलेली आहे, तेव्हा खूण तुम्हालाच माहीत असणार. पण ती पत्राने कळवून उपयोग नाही. ज्याने वस्तू दिली त्याने जातीने खिडकीशी येऊन सांगावं लागतं, असा तिथला कडक नियम आहे. पडून राहिलेल्या वस्तूंचा वर्षातून एकदा होणारा लिलाव ह्या महिनाअखेरीला आहे. तेव्हा त्याआधी यावं. राहायलाच यावं.

ता. क. दुसरा. वरचा नियम मी केलेला आहे. खिडकीबाई म्हणाल्या होत्या, फोनवर खूण सांगितली तरी चालेल. पण फोन केलात तर तुम्ही खूण सांगाल आणि ठेवून द्याल. आईला डॉक्टरकडे न्यायचं की नाही हे मला एकटीला ठरवता येत नाही. तुम्ही एकदा तिच्यासमोर बसा, तिची एखादी गोष्ट दोनदा ऐका, मग आपण दोघं ठरवू. पत्र लिहिलं ते खरं म्हणजे ह्यासाठी. आईला हे कळता कामा नये.

ता. क. तिसरा. आईला कळलं. तुमचा पत्ता मला पाठ नाही, तिला पिनकोडसकट आहे, म्हणून पाकीट तिच्याकडे दिलं आणि ते चिकटवायचं राहिलं होतं. तिने सगळं वाचलं. म्हणाली, साखरेचं खरं आहे, ते राहू दे, डॉक्टरकडे जाऊ की, त्यात काय एवढं. पण खुणेचं खोडून काढ. मुठीला आतल्या बाजूने त्याने कर्कटकाच्या टोकाने चिमणी कोरलेली आहे. मी म्हटलं, मग त्या दिवशी आठवत नाही का म्हणालीस? तर म्हणते, ‘खूण सांगितली असती तर तू छत्री घेऊन आली असतीस. मग त्याला बोलवायला काय उरलं असतं? गप्प बसले तेवढ्यात ठरवलं. तू त्याला लिहिशील हे मला माहीत होतं.’ पत्र खोडत बसत नाही, माझं ते टिपण मात्र खोडलं आहे. खूण आता आम्हाला ठाऊक आहे, पण आई ती खिडकीशी सांगणार नाही आणि मलाही सांगू देणार नाही.

मी विचारलं, तुझ्याकडून मामांना काय लिहू? ती बराच वेळ काही बोलली नाही. ह्या वेळी मी ‘बोलत राहा’ म्हटलं नाही, नुसती बसून राहिले. मग म्हणाली, ‘लिही, तू कोरलीस ती काही चिमणी नाही. बदक आहे.’